मामाचा दगड आणि मामीचं लिंबू

माझा मामा मुतखडे फोडायचा, तेही हातोडीने. घाबरू नका, माणसांचे नाही, पाइपांचे. शहराचं मैलापाणी ज्या केंद्रात शुद्ध होतं तिथे तो फिटर होता. गाळ कुजवायच्या टाकीतून निघालेलं पाणी पाइपाच्या वळणावर आलं की त्यातले मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट हे तिघे गळ्यात गळे घालून बसायचे आणि त्यांचा पांढरा दगड व्हायचा. स्ट्रुव्हाइट त्याचं नाव. मांडीएवढ्या पाइपातून बोट जाईल एवढीच वाट उरायची. मग मामा पाइप खोलून, छिन्नी लावून, दगडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो फोडायचा. तिथे सगळे त्याला 'डॉक्टर' म्हणत, आणि हे नाव आमच्या इमारतीपर्यंतही पोचलं होतं.

घरात मात्र डॉक्टरांची डाळ शिजत नव्हती. मामी लाख प्रेमळ, पण नाक भारी तिखट. मामाने मागच्या दाराने यायचं, अंग खसाखसा घासायचं, आणि मगच तो तिचा नवरा. कामाचा विषय निघाला की ती उठून गॅस बारीक करायला जायची, गॅस बंद असला तरी. एकदा खालच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण धावत आली. "डॉक्टर आहेत का घरी? ह्यांच्या पोटात दुखतंय." मामीने डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "ते आता पेशंट बघत नाहीत."

मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते. मला हसू आवरेना. मामाही हसला, पण त्याला लागलं होतं. "तिने एकदा तरी विचारावं गं," तो मला म्हणाला, "दिवसभर काय करता म्हणून. बाकी काही नको मला." मामीचा मला मनापासून राग आला.

पुढे केंद्रात एक उंच नळकांडं उभं राहिलं. त्यात पाणी घ्यायचं, वर मॅग्नेशियमचं मीठ घालायचं आणि मुद्दाम दगड होऊ द्यायचा. पाइपात नाही, तिथेच. मिऱ्यांएवढे पांढरे दाणे होऊन. धुऊन वाळवले की ते खत. आधी मामा भडकला. "ज्याला जन्मभर ठेचलं, त्याला आता गोंजारायचं?" आठवडाभरात तो त्या दाण्यांच्या प्रेमात पडला. चाळणीवरून ते घरंगळायला लागले की काम सोडून बघत उभा राहायचा.

इकडे गॅलरीतल्या कुंडीत मामीचं लिंबू होतं. त्याच्याशी ती ज्या लाडाने बोलायची, तसं मामाशी बोललेलं मी कधी ऐकलं नाही. पण पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या, आणि फुलं धरायच्या आत गळायची. मामाला वाटलं, हीच संधी. त्याने खिशातून मूठभर दाणे आणले आणि मामी बाजारात गेली असताना आम्ही ते कुंडीत खोचले.

पंधरवडा झाला, तरी झाड होतं तसंच. केंद्रातल्या साहेबांनी त्याला बजावलं होतं, की हे दाणे सावकाश लागू पडतात. मुळं स्वतःच जरा आंबट सोडतात आणि लागेल तेवढं विरघळवून घेतात. पण उतावळा नवरा! पाइपातला दगड पाण्याला दाद देत नाही, आम्लापुढे मात्र विरघळतो, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं.

"व्हिनेगर आण," तो म्हणाला.

"मामा, झाड आहे ते, पाइप नाही!"

"अगं, लिंबाला आंबटाचं कसलं वावडं?"

अख्खी बाटली ओतली. चार दिवसांत लिंबाचा खराटा झाला.

मामी गॅलरीत बसून रडायला लागली तेव्हा मामाला राहवेना. त्याने सगळं सांगून टाकलं. माझं नाव तेवढं वगळलं.

"तिथलं? माझ्या लिंबात?" एवढंच बोलून तिने कुंडी आडवी केली. झाड वाचलं तर वाचवायचं होतं. अर्धी मुळं तपकिरी पडली होती. पण व्हिनेगर पोचलं नव्हतं त्या बाजूला नवी पांढरी मुळं फुटली होती आणि त्यांनी एकेका दाण्याला घट्ट विळखा घातला होता. आपण गुन्हेगार आहोत हे मामा विसरला.

"अगं, बघ, बघ कसं धरलंय!"

"तुम्ही गप्प बसा."

तिने वाईट मुळं छाटली, उरलेली धुतली, माती बदलली. त्या विळख्यातला एकही दाणा मात्र तिने काढला नाही. पुढे बरेच दिवस ती मामाशी कामापुरतंच बोलत होती. तो बिचारा जेवताना ताटाकडेच बघायचा.

मग लिंबाला पालवी फुटली, चांगली गडद हिरवी. एका दुपारी मामी मला म्हणाली, "चपला घाल." कुठे जायचं ते तिने सांगितलं नाही. आम्ही थेट केंद्राच्या फाटकाशी.

मामा नळकांड्याच्या शिडीवर होता. खालून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, वहिनी आल्यात!" तो धडपडत उतरला. कोपरापर्यंत चिखल, चेहरा पडलेला. काहीतरी विपरीत घडलंय अशीच त्याची समजूत झाली. तो नळाकडे पळायला लागला.

"हात राहू द्या," मामी म्हणाली. "आधी मला सांगा, पाण्याचा दगड होतो कसा?"

मामाने दंडानेच डोळे पुसले. मलाही रडू आलं. मग एकदाचा तो सुरू झाला तो पाळी संपेपर्यंत. मामी पूर्ण वेळ नाकाला रुमाल लावून उभी होती, आणि रुमालाआडून एकामागून एक प्रश्न विचारत होती.