समीक्षाच्या कॉलेजची सोयरीक

माझी मोठी बहीण दुर्गाबाई किरनापुरात राहते. आजवर एकसष्ट सोयरिकी जमवल्या तिनं, अन् एक बी मोडली नाही. मोडाची हिंमत कोणाची? ज्या घरी पोरगी द्याची, त्या घरच्या शेजाऱ्याले, दूधवाल्याले, किराणावाल्याले इचारून येते ते. अन् शेवटी पोरीले एकटीले सैपाकखोलीत नेते, दार लावते. आत काय बोलते, कोणाले सांगत नाही.

मी प्रेमलाल, भरवेलीच्या खदानीत फिटर आहो. औंदा माझी समीक्षा बारावी झाली अन् म्हणे, "बाबा, मले मानसशास्त्र शिकाचं आहे."

"काहून? घरात कोणी पागल आहे का?"

"अजून तं नाही," म्हणे.

पाहा बरं, बापाले अशी बोलते! मले तिनं नर्सिंग करावं वाटे. चार दिवस घरात अबोला. मंग मी डाव टाकला. म्हटलं, "दुर्गाआत्या हौ म्हणन तं माझं बी हौ." मले पक्कं वाटे, ताई या भानगडीले दारात उभीच करणार नाही.

किरनापूरले गेलो तं ताईनं सारं ऐकलं अन् पिशवी काढली. "चाल प्रेम्या, स्थळ पाहून येऊ."

"अवं ताई, कॉलेज आहे ते! नवरदेव नोहे."

"तीन वर्ष पोरगी तिथं ठेवाची न? मंग?"

पहिलं स्थळ बालाघाटातलंच. माझी मोटरसायकल, मागं ताई. नवीकोरी इमारत, काचेचा दरवाजा. साहेबानं चहा पाजला, रंगीत पुस्तक देल्लं, नोकरीची गॅरंटी देल्ली. मी तं खूशच झालो. पण ताई बाहेर निघाली ते सीधी चहाटपरीवर. "काहो भाऊ, इथं मानसशास्त्र कोण शिकवते?"

टपरीवाला हसला. "वो मैडम तो दो साल पहले चली गईं. अब हिंदीवाली ही पढ़ाती हैं."

"पाह्यलं?" ताई म्हणे. "नवरदेवच घरी नाही, अन् हे मांडव दाखवून राह्यले."

दोन दिवसानं आम्ही रेल्वेनं नागपूरले गेलतो. तिथलं कॉलेज जुनं, भिंतीचे पोपडे निघालेले. मानसशास्त्राच्या मॅडमनं ताईले बसवलं अन् आपणहून सांगतलं, "प्रयोगशाळेतली दोन यंत्रं बंद आहेत. अन् बी.ए. झालं की लगेच कोणी समुपदेशक होत नाही. पुढं एम.ए. करावं लागतं."

मी मनात म्हटलं, मोडली सोयरीक! हे ऐकून पोरगी घरी रडन, मंग नर्सिंग.

पण गाडीत ताई म्हणे, "जमलं! जे आपल्या घरची खोड आपल्या तोंडानं सांगते, तिथं मी डोळे मिटून पोरगी देतो."

माझं डोकंच फिरलं. घरी आल्याबरोबर मी आवाज चढवला, "पाच वर्षाची भानगड! नागपूरले एकटी! काही नाही, नर्सिंगच."

ताईनं माझ्याकडं पाह्यलं बी नाही. समीक्षाले सैपाकखोलीत नेलं, दार लावलं. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या.

"भेव वाटते म्हणे तिले," ताई बोलली. "पण जाईन म्हणते."

"तिले काय इचाराचं, ताई? लेकरू आहे ते!"

ताई खाली बसली. "माझं लगन झालं तवा मी हिच्याएवढीच होती. तू मांडवात जिलेबी खात होता. मले काय शिकाचं होतं, मालूम आहे तुले?"

बारा वर्षाचा होतो मी तवा, जिलेबीच आठवते. म्हटलं, "नाही ताई."

"मले बी नाही मालूम," ते म्हणे. "कोणी इचारलंच नाही, तं मी बी कधी इचार केला नाही."

समीक्षा नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म घेऊन उभी होती. मी तिच्याजवळून पेन मागतला.