ताश्तानला रडू आलं त्याची गोष्ट

डोंगरातल्या कोचकोर गावच्या बाजारात ताश्तानला ओळखत नाही असा माणूस विरळाच. दारात उभा राहिला तर खोलीत अंधार व्हावा, असा आडदांड गडी. वीस वर्षं घाटातून कोळशाचा ट्रक चालवलेला. नावातच ‘ताश’, म्हणजे दगड. तो नावाला जागला आणि तिथेच घात झाला.

धाकटा भाऊ जोलचू घाटात बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला, तेव्हा ताश्तानचा ट्रक मागेच होता. दोन तास त्याने नुसत्या हातांनी बर्फ उपसला. जोलचू सापडला, पण जिवंत नाही. मयताला घरचे पुरुष रिवाजाप्रमाणे तंबूबाहेर काठ्यांवर वाकून टाहो फोडत होते, “बोरूम! माझ्या काळजा!” त्या दिवशी रडणाऱ्या पुरुषाला कुणी हसत नाही. पण ताश्तानच्या घशातून आवाजच निघेना. आसाकूनकाकांनी त्याची पाठ थोपटली. “बघा, याला म्हणतात मर्द! डोळ्यात टिपूस नाही.”

ते कौतुक त्याच्या मानगुटीवरच बसलं. रडता येईना म्हणून तो प्यायला लागला, आणि नऊ वर्षं पीत राहिला. चार वेळा ‘मर्दाचा शब्द’ देऊन व्होडका सोडली. चारही वेळा पहिला बर्फ पडला की बाटली हातात. बुरुलचा, त्याची बायको, शेवटी माहेरी निघून गेली. परतली ती एका अटीवर.

“एकट्याने सोडायची नाही. एकट्याने सोडलेली चार वेळा बघितली मी.”

दहा दिवस दवाखान्यात काढून ताश्तान दुइशोनने भरवलेल्या, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जाऊ लागला. दुइशोन एके काळचा नावाजलेला घोडेस्वार. अकरा वर्षांत दारूला शिवला नव्हता. हमामामागच्या खोलीत दर गुरुवारी नऊ पुरुष जमायचे आणि कोण किती प्यायचा याच्या बढाया मारायचे. मनातलं बोलायची वेळ आली की सगळ्यांना छत दिसायचं.

वसंताचा नूरूझ सण तोंडावर आला, तेव्हा दुइशोनने पिठाचं पोतं आणून आदळलं. “तोंड उघडत नाही ना? मग हात चालवा. दवाखान्यातल्या रोग्यांसाठी बोरसोक तळायचेत.”

“हे बायकांचं काम!” केरिमकुल खाटीक गुरगुरला.

“खाताना बरं आठवत नाही ते!”

बाह्या सरसावल्या गेल्या. खिडकीत गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. बुरुलचा पुढे होती. “अहो, पीठ मळताय की कुस्ती खेळताय? बिचाऱ्या पिठाने काय घोडं मारलंय तुमचं?” बायका खिदळत पांगल्या. कढई तापली. ताश्तान पिठाचे चौकोन कापत होता, आणि मान वर न करताच म्हणाला,

“तो हाका मारत होता.”

“कोण?” दुइशोनने विचारलं.

“जोलचू. बर्फाखालून. मी उजवीकडे खणत बसलो. तो डावीकडे होता.”

सुरी थांबली नाही. फक्त पिठावर टपटप पाणी पडू लागलं, मग त्याचे खांदे हलू लागले, आणि मग तो एवढा प्रचंड माणूस पोरासारखा हमसून रडला. दुइशोनने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने केरिमकुल खाकरला. “मीपण रडतो. रोज. गोठ्यात. मेंढ्या कुणाला सांगत नाहीत.”

आणि मग जो हशा पिकला! ताश्तानही नाक पुसत हसला. तेवढ्यात धूर आला. बोरसोकांचा पार कोळसा झाला होता.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला तेव्हा ताश्तानला बाटली आठवली. या वेळी मात्र त्याने दुइशोनला फोन केला. दुइशोन आणि केरिमकुल फावडी घेऊन आले. दुपारपर्यंत तिघांनी छतावरचा बर्फ ओढला, एकमेकांना शिव्या घातल्या, चहाची किटली तीनदा रिकामी केली. दिवस निभावला.

पुढच्या उन्हाळ्यात नात आयझिरेक चालू लागली. पायांत बांधलेला दोरा कापून पोरीला मोकळं चालू द्यायचा समारंभ म्हणजे अख्खी आळी अंगणात. आसाकूनकाकांनी भरलेला पेला पुढे केला. “घे! मर्द असशील तर एका घोटात!”

“काका, मर्द होऊन झालं. आता आजोबा होऊ द्या.” ताश्तानने पेला हळूच बाजूला सारला. “आणि जोलचूच्या मयताला मला रडायचं होतं.”

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. “मग रडायचं होतंस, गाढवा!”

“तुम्ही कौतुक करत होतात ना!”

काका पुढे झाले. त्यांनी पुतण्याचं डोकं दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि कपाळाचा मुका घेतला. दोघांचेही डोळे वाहत होते, आणि कुणी हसलं नाही.

दोरा कापला गेला. आयझिरेक तुरुतुरु चालत थेट मटणाच्या ताटाशी गेली आणि तिने एक हाडूक पकडलं. मग रिवाजाप्रमाणे आजोबा मंडळींची शर्यत लागली. ताश्तान बूट काढून मोज्यांवर धावला, वाटेत कोंबडीला अडखळला, धापा टाकत परतला.

“सात जणांत सहावे!” बुरुलचा पोट धरून हसत होती.

“सातवा कोण ते तरी बघ,” तो म्हणाला. मागून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आसाकूनकाका, टोपी हातात धरून, “थांबा रे, थांबा!” ओरडत येत होते.