चुंबकानं पास केलेली सळई

विठ्ठल टेकाम यांच्यावर अन्याय झाला तो तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळच्या पाळीत. भट्टीतलं बास्केट तुटून पडलं, त्यांचा पाय भाजला. ते दवाखान्यातून यायच्या आधीच त्यांचं काम गेलं. ठपका असा, की त्यांनी भट्टी जास्त तापवली.

वर्कशॉप वणीजवळचं. कोळसा खाणीतल्या मशिनींच्या पिना आम्ही भट्टीत लाल करून तेलात बुडवतो, म्हणजे त्या कडक होतात. पिनांचं बास्केट सळयांना टांगलेलं असतं. मी तिथं क्वालिटीला आहे.

या सळया निकेल अलॉयच्याच हव्यात. त्यात अर्ध्याहून जास्त निकेल, सोबत क्रोमियम. तापल्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर वर धरतो, म्हणून हवा आतला धातू खात नाही. हजार डिग्रीच्या आसपासही सळई वजन पेलते. साधं स्टेनलेस तिथं हळूहळू ताणत जातं आणि एक दिवस तुटतं.

आमच्या स्टोअरची तपासणी म्हणजे खिशातलं चुंबक. हे अलॉय चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चिकटलं नाही की माल पास. अहो, स्टेनलेसच्या कित्येक जातीही चुंबकाला चिकटत नाहीत!

तुटलेली सळई मी नागपूरच्या लॅबमध्ये तपासून आणली. स्टेनलेस निघाली.

मॅनेजर भडकले. "तुले कोणं सांगतलं होतं नागपूरले जायाले?"

"सर, टेकामभाऊंची चूक नाही. भट्टीचा तापमानाचा मीटर बरोबर होता, सगळ्यांनी पाहिला."

"सगळ्यांनी? आण बरं एकाले माह्यासमोर. मोठा शायना!"

मी शॉपमध्ये विचारलं. वेल्डर खाली बघत म्हणाला, "मले लेकरं हायेत, भाऊ." बाकीचे आपापल्या मशिनीकडे वळले. आता कॅन्टीनमध्ये मी बसलो की बाकावरची माणसं डबे उचलतात.

राजूरला टेकामभाऊंकडे गेलो. पट्टी बांधलेला पाय बाजेवर ठेवून ते एकटेच बसले होते.

"तू तरी आला बाप्पा. पोळ्यापासून दारात कुत्र्याबिगर कोणी आलं नाही."

चहा संपला, मी उठायला लागलो.

"बस ना. कायची घाई हाय तुले?"

बसलो. दोघांनाही जायला दुसरीकडे कुठं होतं?

भट्टीत आता नव्या सळया लागल्या आहेत. निकेल अलॉयच्या, लॅबमध्ये तपासलेल्या. मालकाला सगळं कळलं आहे. टेकामभाऊ मात्र अजून घरीच.

शॉपमधल्या भावांनो, त्या पाळीत तुम्ही होता. मीटर तुम्ही वाचला होता. सोमवारी लेबर ऑफिसात टेकामभाऊंची सुनावणी आहे. या, आणि जे पाहिलं ते बोला.