जीवशास्त्राऐवजी भूगोल

दहावीनंतर लातूरला निघाले त्या सकाळी नांदूरघाटच्या स्टँडवर माझा भलामोठा फ्लेक्स लागला होता. 'भावी डॉक्टर' असं वर, मधे मी, आणि खाली गॉगल घातलेले सगळे चुलते. आईनं मीठ-मोहऱ्या माझ्यावरून उतरवल्या आणि मग फ्लेक्सवरूनही. मला मात्र जीवशास्त्र नको होतं, भूगोल हवा होता, आणि हे घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे वेड ऊसतोडीतलं. लहानपणी आई-अण्णांबरोबर कारखान्याच्या मुलखात जायचे. ट्रॉलीत बसून रान बदलताना बघायचे आणि वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, डोकं खायचे, "हितं एवढं पाणी हाय, मंग आपल्याकडं कावून न्हाई?" ते म्हणायचे, शाळेत विचार. शाळेत उत्तर मिळालं ते भूगोलाच्या तासाला.

कॉलेजच्या खिडकीशी आमचा नंबर आला तेव्हा कशीबशी बोलले. गणित ठेवते, पण जीवशास्त्राच्या जागी भूगोल घेते. अण्णा रांगेतून बाजूला झाले. त्यात नोकरी लागते का, एवढंच त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. पण हा विषय मी कुणी न सांगता वाचते, हेही सांगितलं.

"घे मंग," ते म्हणाले. "फ्लेक्स मी उतरवतो. तुज्या चुलत्यांचं माजं मी बघतो."

मी तिथेच रडले, आनंदानं.

भूगोलातच पदवी घेतली. गणित होतं म्हणून पुढे रिमोट सेन्सिंग झेपलं. आता हैदराबादेत सॅटेलाइटच्या फोटोंवर नकाशांचे लेयर चढवत बसते आणि पाणी कुठे अडवता येईल ते शोधते. क्लायंट, डेडलाइन, मीटिंग सगळं आलंच, तरी सोमवारी ऑफिसला जायला मला लई आवडतं. शेजारच्या मावशी, खालाजान, दखनी उर्दू बोलतात, त्यातले निम्मे शब्द आपलेच निघतात.

दहावीचा निकाल लागला की गावातले लोक आता माझं बघून पोरं घेऊन अण्णांकडे आमच्या ओसरीवर येतात. अण्णा मला फोन लावतात, स्पीकरवर टाकतात. परवा एक बाप पोरीच्या इंजिनिअरिंगचं सांगत सुटला होता. अण्णांनी त्याला थांबवलं, "तुमी गप बसा जरा. पोरीला बोलू द्या."

मग ती पोर हळूच बोलायला लागली. माझं घर कुठे आहे असं कुणी विचारलं, तर मी त्या ओसरीचा पत्ता देईन.