उलटून पाहिलेलं पिवळं फूल

अक्का मंगळवारी गेली. सकाळी तिनं पाणी भरलं, फोनवर एक निरोप लिहिला, आणि ती गेली.

निरोप होता, "ते बटरकप नाही."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिनं आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी शाळेत इतिहास शिकवला, म्हणजे ज्यांच्याकडून उलट उत्तर येत नाही अशा माणसांबद्दल बोलत राहिले. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही दोघीच राहायचो. निवृत्तीनंतर अक्कानं कॅमेरा घेतला आणि पुण्याच्या एका गटाबरोबर हिमालयात फुलं बघायला गेली. तिथं बर्फ वितळल्यावर दोन महिने फुलं येतात आणि त्यांच्या मागोमाग पुण्याचे लोक येतात.

तिथून तिनं एका पिवळ्या फुलाचा फोटो आणला. पाच पाकळ्या, मागं राखाडी खडक. गटप्रमुखांनी तो अल्बममध्ये घातला आणि खाली लिहिलं, बटरकप. ते निवृत्त बँक अधिकारी. बँकेत त्यांची सही झाली की विषय संपत असावा. अक्कानं फोनवरच्या गटात लिहिलं, "ही पोटेंटिला आहे. बटरकपच्या फुलामागं पाच हिरवी पाती असतात, हिच्या मागं दहा. मी उलटून पाहिलं."

"मागच्या बाजूचा फोटो आहे का, ताई?"

"नाही. एका हातात फूल होतं."

"मग कसं मानायचं?"

अक्कानं फोटोच्या कोपऱ्यातलं पान दाखवलं. तीन दलांचं, कडेनं चंदेरी. ते शेजारच्या रोपाचं असेल, असं उत्तर आलं. पाठोपाठ अल्बममधला फोटो कापून नीटनेटका करण्यात आला आणि पान गेलं. हा वाद वर्षभर चालला. जिनं हजारो मुलींकडून फुलं चिरवून घेतली, तिच्या डोळ्यांवर या लोकांचा भरवसा नव्हता, कारण डोळ्यांना मेमरी कार्ड नसतं. शेवटी तिनं पुढच्या सहलीत पुन्हा नाव घातलं. मागच्या बाजूचा फोटो काढायचा, एवढ्यासाठी. पण तो मंगळवार आधी आला.

ती गेल्याचं मी गटाला कळवलं. जिथं गुलाबाला कुणी फूलही मानत नाही, तिथून एकतीस गुलाब आले, सगळे दवबिंदूंसकट. प्रमुखांनी लिहिलं, "त्यांचा आग्रही स्वभाव स्मरणात राहील." वीस मिनिटांनी कुणीतरी एक जांभळं फूल टाकून विचारलं, "हे कोणतं?" आणि सुतक संपलं.

मी सहलीतली अक्काची जागा माझ्या नावावर करून घेतली. तिचा कॅमेरा आणि वही घेतली. प्रमुखांनी फोनवर प्रेमानं विचारलं, "ताई, तुम्हाला झेपेल ना?" आमच्याकडे सगळ्यांत उंच गोष्ट म्हणजे देवळाचं शिखर, आणि त्यावर कुणी चढत नाही. मी झेपेल म्हटलं.

पहिल्या मुक्कामाला दोन कॅमेरे गळ्यात घातलेल्या एक बाई शेजारी येऊन बसल्या.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"तंजावूरच्या."

"नाही हो, मूळच्या?"

"तंजावूरच्याच."

"अय्या, मग मराठी कसं येतं?"

"साडेतीनशे वर्षांची सवय आहे."

त्यांनी दुसरीला हाक मारली. "अगं, ये ना इकडे! ऐक, कसलं जुनं मराठी बोलतात! ताई, मघाशी तुम्ही 'कोठे' म्हणालात ना? परत म्हणा ना, मी रेकॉर्ड करते."

मी म्हटलं. फुलांच्या आधी माझी ओळख पटवून झाली : दुर्मीळ, दक्षिणेत आढळते, स्पर्श केल्यास हसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुरणाच्या तोंडाशी प्रमुखांनी भाषण केलं. इथं एक पानही तोडायचं नाही. वाट सोडायची नाही. निसर्गाचे आपण पाहुणे आहोत. मग सगळे वाट सोडून पसरले आणि पोटावर आडवे झाले. या लोकांना फुलाचा फोटो फुलाच्या उंचीवरून काढावा लागतो. एका फुलासाठी आडवा झालेला माणूस किमान वीस फुलांवर झोपतो. लांबून पाहिलं तर रंगीत जाकिटं घातलेली बरीच माणसं एकदम बेशुद्ध पडल्यासारखी दिसत होती. अधूनमधून एखादं जाकीट ओरडायचं, "मिळालं!"

अक्काच्या वहीत लिहिलं होतं, तिसरा ओढा, पांढरा पट्टा असलेला खडक, डावीकडे. मी ओढे मोजत गेले. खडक होता. खाली पिवळी फुलं होती, वाऱ्यानं हलत. मी एका हातात कॅमेरा धरला आणि दुसरा हात फुलाच्या मागं नेला, अक्कानं नेला असेल तसाच.

पण माझा हात अक्काचा नव्हता. तो माळा बांधणाऱ्या बाईचा हात आहे. आमच्या गावात कदंबम म्हणून माळ असते, मोगरा, अबोली, दवणा एकत्र, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गाठवलेली. लहानपणापासून मी ती देवासाठी रोज बांधत आले. फूल समोरून बघायची आम्हाला सवयच नाही. मागून धरायचं, नखानं खुडायचं, उलटं करून देठ पुरेल का ते बघायचं. माझ्या मनात तोडायचं नव्हतं. नखाला कुणी विचारलं नाही.

फूल हातात आलं. देठ लांब खुडला होता, बुडाशी पान होतं. तीन दलं, खालून चांदीसारखी. मी फूल उलटं केलं आणि मोजलं. पाच रुंद पाती, त्यांच्या मधे मधे पाच अरुंद. पुन्हा मोजलं. मग प्रमुखांना हाक मारली.

ते उठून आले. जाकिटाला छातीपाशी तीन निळी फुलं चिरडून चिकटली होती.

"अहो ताई! तोडलंत?"

"तोडलं."

"सकाळी मी काय सांगितलं होतं? काय बोलू आता तुम्हाला!"

"पाती मोजा."

"प्रश्न पात्यांचा नाही, तत्त्वाचा आहे."

"पाच आहेत का दहा?"

"हे बघा, असा मिळवलेला पुरावा मी धरणार नाही. आणि हे तेच फूल कशावरून?"

मी अक्काच्या कॅमेऱ्यातला न कापलेला फोटो काढून पुढं धरला. तोच पट्टा, तोच खडक, कोपऱ्यात तेच पान. दोन कॅमेऱ्यांच्या बाई मधे घुसल्या, माझ्या हातातलं फूल ओढून घेतलं आणि मोठ्यानं मोजू लागल्या. "...आठ, नऊ, दहा. अहो, दहाच आहेत की! आणि पान तर याच देठाला आहे." प्रमुखांनी फोटो माझ्याकडे परत दिला. "कापताना पान राहून गेलं असेल," ते म्हणाले. मग सगळ्यांनी त्या फुलाचे मागून फोटो काढले. तोडलेलं फूल हलत नाही, म्हणून ते फार स्पष्ट आले.

अक्कानं न तोडता पाहिलं होतं. मला ते जमलं नाही. हे तिला कळलं असतं तर प्रमुखांच्या भाषणापेक्षा लांब भाषण मला घरात ऐकावं लागलं असतं.

खाली उतरल्यावर फोनला रेंज आली. गटात प्रमुखांचा निरोप होता : "सुधारित ओळख, पोटेंटिला. निसर्ग आपल्याला रोज नवं शिकवतो." खाली सतरा जणांनी त्यांच्या नम्रतेचं कौतुक केलं होतं. मी लिहिलं, "हे अक्कानं वर्षभर सांगितलं होतं." त्याखाली कुणीतरी परतीच्या बसची वेळ टाकली, आणि सगळ्यांनी त्या वेळेला अंगठे दाखवले.

अक्का बरोबर होती. अल्बममध्ये त्या फुलाखाली आता पोटेंटिला असं लिहिलेलं आहे. तिचं नाव कुठंही नाही. घरात मी एकटी राहते.