मार्गशीर्षातला मोहोर

ही गोष्ट सांगायची मी तीस वर्षं टाळली. दिवाळीनंतर दौलत गेल्याचा फोन आला, तेव्हा रडू येण्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता विचारणारं कोणी उरलं नव्हतं. त्या सुटण्याची लाज वाटते, म्हणून लिहितो आहे.

आम्ही दोघं नागपूरला एका रोपवाटिकेत नोकरीला. दौलत भिवापूरकडचा. त्याच्या शेताच्या बांधावरचा एक आंबा साऱ्या शिवाराआधी, मार्गशीर्षातच मोहरायचा. साहेब म्हणत, जमिनीचा गुण. दौलत म्हणे, "जमीन नाही गा, हे त्या झाडाच्या रक्तातच आहे." ते दाखवायला त्यानं त्या आंब्याची बारा आणि शेजारच्या उशिरा मोहरणाऱ्या झाडाची बारा कलमं रोपवाटिकेच्या शेतात लावली. माती एक, पाणी एक. त्या आंब्याचं उरलेलं एक कलम मला दिलं. "घे, धरमपेठेत घरी लाव. वहिनीले लोणच्याले होतीन कैऱ्या."

प्रत्येक कलमावर, ते कोणत्या झाडाचं हे लिहिलेली पत्र्याची चकती होती. अक्षरं पुसट झाली म्हणून एका दुपारी मी सगळ्या चकत्या एकदम काढून रंगवल्या. कुठली कोणत्या कलमाची, ते लिहून ठेवलं नव्हतं. अंदाजानं परत बांधल्या... आणि गप्प बसलो.

काही वर्षांनी मोहोर आला तो सरमिसळ. दौलतच्या वहीत काही जुळेना. बैठकीत साहेब म्हणाले, "काय दौलतराव, रक्ताचा रिपोर्ट आला का?" सगळे हसले. मीही हसलो. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "चकत्या तं बरोबर होत्या ना गा?"

"होत्या," मी म्हणालो.

त्यानं विश्वास ठेवला. पुढे भावांनी विहिरीच्या वाटेसाठी बांधावरचा तो आंबा तोडायला काढला, तेव्हा दौलत आडवा आला नाही. "मातीचाच गुण असन तं तिथंच बाजूले दुसरा लावू." दुसरा लावला. तो चारचौघांसारखा माघात मोहरला. त्या वर्षी दौलतचा फोन आला. "तुझं झाड कवा मोहरते गा?"

"सगळ्यांसंगच."

माझं झाड दर मार्गशीर्षात मोहरतं. थंडी लांबली तर आठ-दहा दिवस इकडेतिकडे, पण गल्लीतल्या साऱ्या आंब्यांच्या आधी. त्या दिवसांत मी दौलतला कधी घरी येऊ दिलं नाही. कधी पाहुणे आहेत म्हणालो, कधी गावाला चाललो म्हणालो. उन्हाळ्यात कैऱ्या मात्र न चुकता पोचवल्या. जाताना वाटेत एक वाक्य घोकायचो, त्याच्याकडे चहा प्यायचो आणि परत यायचो.

यंदाही झाड मोहरलं आहे. खाली खुर्ची टाकून बसलो आहे. वाक्य अजून पाठ आहे... दौलत, चकत्या मी अंदाजानं बांधल्या होत्या गा. तू बरोबर होता. मले...