टोलचा मेसेज आला

नांदुऱ्यात शाहजादीभाभीला सगळे 'नाकेवाली' म्हणतात, आणि ती चिडतही नाही. नवरा गफ्फार वारल्यावर दोन्ही ट्रक तिनेच सांभाळले. ड्रायव्हर फोन उचलत नाहीत आणि उचलला तर थापा मारतात, हे तिचं ठाम मत. म्हणून तिचा भरवसा टोलच्या मेसेजवर. गाडी नाक्यावरून गेली की पैसे कापल्याचा मेसेज तिच्या मोबाइलवर येतो. मग ती लगेच ड्रायव्हरच्या बायकोला फोन लावते, "तुयावाला पुढं सरकला. जेव आता." भाभीचा आवाज असा, की अख्ख्या गल्लीला गाडीचा पत्ता कळतो.

एकदा तिचा ड्रायव्हर गोविंदा कापसाच्या गाठी घेऊन तमिळनाडूकडे निघाला होता. त्या दिवशी सकाळपासून त्याचा फोन बंद, टोलचा मेसेजही नाही. त्याची पोटुशी बायको मयुरी भाभीच्या ओट्यावर येऊन बसली. भाभी तिला दटावून खायला घालत होती आणि स्वतः मात्र पाण्याचा घोटही घेत नव्हती.

दुपारी मोबाइल वाजला.

"आला मेसेज! निघाली गाडी!" भाभी ओरडली. मयुरी रडायलाच लागली. मी शेजारीण, हक्कानं चहा टाकायला आत गेले. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बाहेर आले तर भाभीचा चेहरा उतरलेला. मेसेजमधला नाका गोविंदानं कालच ओलांडला होता. भरलेली गाडी माघारी कशाला येईल? खुळ्याच आम्ही! काचेवरच्या टॅगवरून नाका नुसती गाडी ओळखतो. ती कोणी चालवतंय की क्रेन ओढून नेतेय, हे त्याला काय ठाऊक?

"काय झालं, भाभी?" मयुरीनं विचारलं.

"काही नाही, पोरी."

भाभीनं आत जाऊन निवृत्तीला फोन लावला. तिचा दुसरा ट्रक घेऊन तो त्याच रस्त्यानं येत होता. "नाक्यावर जाय, आपली गाडी पाह्य," एवढंच ती म्हणाली. मग आम्ही तिघी बसून राहिलो. चहा कोणीच घेतला नाही.

संध्याकाळी निवृत्तीचा फोन आला. गडबडीत भाभीनं नेहमीसारखा स्पीकर लावला. आवाज गोविंदाचा होता.

"भाभी, गाडी ठोकली. दवाखान्यात आहो, निवृत्तीनं शोधलं मले. डॉक्टर म्हनते, पाय कापा लागते. मयुरीले सांगू नका. तिले सोसनार नाही."

मयुरीनं भाभीच्या हातातून फोन घेतला.

"कापू द्या," ती म्हणाली. "तुमी घरी या."